‘सध्या काय करता?’ : घरी राहणाऱ्या बापाचा हिशेब

गेल्या वर्षीची ७ फेब्रुवारी. नागपुरातल्या आमच्या वस्तीतल्या विहारात माता रमाईची जयंती होती. आमच्यापैकी नवऱ्याने भाषण केले. रमाईचे कष्ट, तिने थापलेल्या गोवऱ्या, तिची गेलेली लेकरे, सगळे तो पोटतिडकीने बोलला. समोर बसलेल्या आयाबायांनी डोळ्यांना पदर लावला. कार्यक्रम संपल्यावर खीर वाटताना चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चांगला बोलला बाबू. काय करून राहिला सध्या?”

नवरा म्हणाला, “ऑनलाईन काम सुरू आहे काका. घरूनच.”

ते खोटे होते. सहा महिन्यांपासून तो घर सांभाळत होता आणि आमच्या मुलीला सांभाळत होता. भाषणापुरती महिला मंडळातल्या एका मावशींनी तिला घेतले होते. हे उत्तर देताना ती त्याच्याच कडेवर झोपलेली होती. बायको रुग्णालयात ड्युटीवर होती.

रात्री ती परत आल्यावर नवऱ्याने हा प्रसंग सांगितला. तिने एकच प्रश्न विचारला. “रमाईने केलं ते कष्ट होते, तर तू करतोस ते काय आहे?”

हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. तो आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून ‘मी’ न लिहिता ‘आम्ही’ लिहितो. जिथे एकाचीच गोष्ट आहे तिथे ‘नवरा’ आणि ‘बायको’ असे म्हणू. हे कौतुकासाठी लिहीत नाही. आपल्या समाजातली अनेक तरुण जोडपी आज याच हिशेबापाशी अडतात आणि त्यावर उघडपणे कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

निर्णय कसा झाला

बायको शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. सकाळ, दुपार आणि रात्र अशा तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. नवरा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करायचा. पगार १६ हजार, तोही दर अकरा महिन्यांनी नव्या कागदावर.

बायकोची प्रसूती रजा १८० दिवसांची होती. ती संपत आली तेव्हा आम्ही वहीत हिशेब मांडला. पाळणाघराचे ५ हजार. पेट्रोल आणि बाहेरच्या खाण्याचे साडेतीन हजार. पाळणाघर संध्याकाळी सातला बंद होते, म्हणजे दुपारपाळी आणि रात्रपाळीला वेगळी बाई ठेवावी लागणार, तिचे किमान ४ हजार. सोळा हजारांतून साडेतीन हजार उरत होते. तेवढ्यासाठी आठ महिन्यांच्या आत मुलीला दिवसाला दहा-बारा तास तीन वेगवेगळ्या हातांत द्यावे लागणार होते.

आजीला बोलवा, असे सगळे म्हणाले. एक आजी गावी आजही मजुरीला जाते. दुसरीचे गुडघे गेलेले. ज्या बाईने चाळीस वर्षे खटून आपल्याला वाढवले, तिला साठीनंतर पुन्हा फुकटच्या ड्युटीवर लावायचे का, हाही प्रश्न होताच.

मग राहिला एक प्रश्न. दोघांपैकी एकाने घरी राहायचे तर कुणी? हेच आकडे उलटे असते, नवऱ्याची नोकरी कायम आणि बायकोची ठेक्यावर, तर हा प्रश्न पडलाच नसता. सगळ्यांनी बायकोकडेच पाहिले असते. आम्ही फक्त आकड्यांना त्यांचे उत्तर देऊ दिले.

‘मदत’ आणि जबाबदारी

पहिले दोन महिने आमची चूक झाली. नवरा घरी होता, पण डोके बायकोचेच चालत होते. ती वॉर्डातून फोन करायची. दूध उतू गेले का? लंगोट वाळले का? लस कधी आहे? गॅस नोंदवला का? नवरा सांगेल ते काम करायचा आणि मनात म्हणायचा, मी किती मदत करतो.

मदत करणारा विचारतो, “काय करू?” जबाबदार माणसाला ते विचारावे लागत नाही. घरकामाचा मोठा भाग हातांत नसतो, डोक्यात असतो. तांदूळ किती उरले, ताप कालपेक्षा वाढला का, उद्या पाणी येणार का, हे सतत लक्षात ठेवणे हेच मुख्य काम आहे. ते बायकोच्या डोक्यात राहिले असते तर तिला दोन नोकऱ्या झाल्या असत्या.

म्हणून आम्ही कामांऐवजी जबाबदाऱ्या वाटल्या. स्वयंपाक, किराणा, मुलीचे खाणे, झोप, लसीकरण पूर्ण नवऱ्याकडे. माता-बाल संरक्षण कार्ड त्याच्या पिशवीत. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस त्याने घेऊन जाऊन दिली. केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, “आई नाही आली का?” तो म्हणाला, “मी बाप आहे, तारीख मलाच माहीत आहे.”

दूध हा सगळ्यांना पडणारा प्रश्न. सहा महिने निव्वळ आईचे दूध देता आले, कारण रजा तेवढी होती. नंतर बायको दूध काढून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात फ्रिजमध्ये ठेवून जायची. असे दूध फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालते. भांडे कोमट पाण्यात ठेवून ते कोमट करायचे, थेट गॅसवर तापवायचे नाही, बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजायचे. त्याबरोबर मऊ वरण-भात, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे. मूल वर्षाचे होईपर्यंत मध चाटवायचा नाही, कितीही म्हाताऱ्या माणसाने सांगितले तरी. एवढे शिकायला बाईचा जन्म लागत नाही. आठ दिवस लागतात.

हे काम देशात कोण करते?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. सहा वर्षांवरील लोकांनी दिवसाचे २४ तास कशात घालवले, हे त्यात विचारले गेले. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया निघाल्या ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. जे हे काम करतात त्यांच्यातही स्त्रीचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. म्हणजे ती पाच तास, तो दीड तास. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटे आले. दोघांचा वेळ थोडा घटला, दरी तेवढीच राहिली.

ही दरी दिसत नाही, कारण आपण ते काम मोजतच नाही. २००१ च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर ‘काम न करणारे’ या गटात टाकले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका अपघात भरपाईच्या निकालात त्यावर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात याच न्यायालयाने वेळेच्या सर्वेक्षणाचे आकडे देऊन सांगितले की गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते धरले पाहिजे.

बाई मेल्यावर तिच्या कामाची किंमत कोर्टात निघते. जिवंतपणी तिला “काही करत नाही, घरीच असते” असे म्हणतात. नवऱ्याने विहारात खोटे उत्तर दिले, त्याच्या मुळाशी हेच होते. घरी असणे म्हणजे काही न करणे, हे त्याच्याही मनात पक्के बसलेले होते.

रमाईला आपण काय दिले?

बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकले, लंडनला शिकले. त्या काळात घर रमाईने ओढले. मुले तिने वाढवली आणि त्यातली चार तिच्याच डोळ्यांसमोर गेली. बाबासाहेबांनी हे कधी विसरले नाही. पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. घर चालवणाऱ्या माणसाच्या श्रमावर दुसऱ्याचे शिक्षण आणि सार्वजनिक काम उभे राहते, याची ती जाहीर कबुली आहे.

आपण मात्र रमाईच्या त्यागाची गाणी गातो आणि तिच्या कामाचा विचार करत नाही. त्याग म्हटले की प्रश्न मिटतो. त्यागाची पूजा करता येते, तो वाटून घ्यावा लागत नाही. काम म्हटले की विचारावे लागते, हे एकट्या बाईनेच का करायचे?

१९४२ च्या जुलैमध्ये आमच्याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची गुलाम न होता त्याच्या बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. त्या भाषणाची आठवण आपण मुलींना दर वर्षी करून देतो. पण बरोबरीला दोन बाजू असतात. ती बाहेर बरोबरीने उभी राहायची असेल तर त्याला घरात बरोबरीने उभे राहावे लागेल.

‘आपल्यात असे नसते’ हे खरे आहे का?

‘पुरुष कमावणार, बाई घर सांभाळणार, हीच रीत’ असे आपली माणसेही म्हणतात. आपल्या आज्या काय करत होत्या ते आठवा. त्या शेतात निंदण-कापणी करत होत्या, बांधकामावर घमेली वाहत होत्या, कामठी-नागपूरकडे बिड्या वळत होत्या. आपल्या बाया घरात बसलेल्या नव्हत्याच. ‘घरात शोभणारी गृहिणी’ हे चित्र ज्यांच्या घरात जमीन आणि वतन होते त्यांचे. नोकरी लागली, फ्लॅट झाला आणि आपण तेही उचलले.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगतो. बाई चार घरची धुणीभांडी करून येते आणि नवरा ओट्यावर पत्ते कुटतो, ही घरे आपल्या वस्तीत आहेत. तो ‘घरी राहणारा बाप’ नाही. तो दोघांच्या वाट्याचे काम एकीवर टाकणारा माणूस आहे. फरक ओळखायला सोपा आहे. बायको कामावरून आल्यावर पोळ्या कोण करते? पोराला ताप असेल तर रात्री कोण उठते? तिच्या पगारावर हात कुणाचा? या तीन प्रश्नांची उत्तरे पाहा.

एक गोष्ट नवऱ्याने स्वतः लिहायला सांगितली आहे. मुलीला कडेवर घेऊन तो बाजारात गेला की लोक कौतुक करतात, “किती करतो बायकोसाठी!” तीच मुलगी बायकोच्या कडेवर असली की कुणी काही म्हणत नाही. उलट तिला विचारतात, “एवढ्याशा लेकराला टाकून रात्रपाळीला कशी जाते गं?” एकाच घरात बापाला शाबासकी आणि आईला टोमणा. ही शाबासकी आम्हाला नको आहे, कारण तिची किंमत बायको चुकवते.

कायदा बापाला कुठे पाहतो?

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी भूमिका घेतली की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. मूल हा एकट्या बाईचा खासगी मामला नाही, हा त्यातला मुख्य विचार. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशाचा कायदा १९६१ मध्ये आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली.

हे मोठेच पाऊल. पण त्यात बाप कुठेच नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्व रजा मिळते १५ दिवस. बालसंगोपन रजा ७३० दिवसांची आहे, पण ती महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पुरुषांना. म्हणजे पत्नी सोबत असेल तर बापाने मूल वाढवण्याची गरज नाही, असे नियमच गृहीत धरतो. खासगी क्षेत्रात तर पितृत्व रजेची कायद्याने सक्तीच नाही. ठेक्यावरच्या माणसाने हा शब्दच काढायचा नाही. नवऱ्याने मुलीच्या जन्मावेळी चार दिवस सुट्टी घेतली, त्या चारही दिवसांचा पगार कापला गेला.

याचा फटका बाईला बसतो. मालक हिशेब करतो, बाई घेतली की २६ आठवडे रजा, पुरुष घेतला की काहीच नाही. स्वीडनने १९७४ मध्ये आईची रजा बदलून ती आईबाप दोघांची केली. तरी बाप रजा घेईनात. मग १९९५ पासून त्यातला एक हिस्सा फक्त बापासाठी राखून ठेवला, तो घेतला नाही तर बुडतो. आज हा राखीव हिस्सा दोघांसाठी प्रत्येकी ९० दिवसांचा आहे. हिस्सा राखून ठेवल्याशिवाय जुनी सवय मोडत नाही, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. कामगार संघटनांत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही मागणी जाहीरनाम्यात घ्यावी.

सिगालाला सांगितलेला धम्म

गृहस्थाच्या जीवनाबद्दल बोलताना आपण सिगालोवाद सुत्ताचा आधार घेतो. सहा दिशांना हात जोडणाऱ्या तरुण सिगालाला भगवान बुद्ध सांगतात की दिशा म्हणजे नाती, आणि नाते जपणे म्हणजे कर्तव्य करणे. त्यात पतीची पाच कर्तव्ये येतात. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती सोपवणे, तिला अलंकार देणे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या सुत्तात कमावणारा पुरुष आणि घर पाहणारी स्त्री हेच चित्र आहे. ते त्या काळचे आहे. पण महत्त्वाचे हे की कर्तव्ये दोन्ही बाजूंना आहेत. पत्नीचीही पाच आहेत, आणि त्यात घरची कामे नीट लावणे, मिळवून आणलेले जपणे, कामात आळस न करणे हेही येते. आमच्या घरात कमावणारी ती आहे आणि घर लावणारा तो. तिने त्याचा अवमान करायचा नाही आणि त्याने तिची कमाई जपायची. माणसांच्या जागा बदलल्या तरी धम्म तसाच लागू पडतो.

आमच्या चुका आणि आमचे नियम

हा मार्ग कुणी घेणार असेल तर आमच्या अनुभवातून काही गोष्टी.

निर्णय मुदतीचा ठेवा. दर सहा महिन्यांनी आम्ही वही काढतो आणि पुन्हा विचारतो, चालवायचे का? कायमचा शिक्का नसला की मन घाबरत नाही.

पैसा मागावा लागू नये. सुरुवातीला नवरा दाढीच्या ब्लेडसाठीही बायकोला विचारायचा आणि आतून चिडायचा. कितीतरी बायांनी आयुष्य असे मागण्यात काढले, हे तेव्हा त्याला कळले. आता पगाराच्या दिवशी घरखर्च जोडखात्यात जातो आणि दोघांच्या स्वतःच्या खात्यात सारखी रक्कम जाते. तिचा हिशेब कुणी कुणाला देत नाही.

एकाच पगारावर घर चालते म्हणून बायकोच्या नावाचा मुदत विमा घेतला, सगळीकडे वारस नोंद तपासली. नवऱ्याचा जुना पीएफ मोडला नाही.

हात चालू ठेवा. बायकोची सुट्टी असेल त्या दिवशी नवरा वायरिंगची छोटी कामे घेतो. पैसे थोडे मिळतात, पण हुन्नर जात नाही. मूल मोठे झाल्यावर परत कामावर जायचे आहे.

एकटेपणाकडे दुर्लक्ष करू नका. दुपारी दोन वाजता वस्तीत बोलायला पुरुष नसतो आणि बायांच्या घोळक्यात बसले तर दोन्हीकडून नजरा. नवरा मधे काही दिवस फार गप्प झाला होता. उन्हे उतरली की मुलीला घेऊन विहारात जायला लागला, तिथे वाचनालय लावायला घेतले, मग सावरला.

विहार आणि संघटना काय करू शकतात

आपल्या बैठका रात्री नऊला सुरू होऊन बाराला संपतात. ज्याच्या घरी लहान मूल आहे तो किंवा ती येऊच शकत नाही. बैठक संध्याकाळी घ्या, कोपऱ्यात मुलांसाठी सतरंजी आणि चार खेळणी ठेवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनदानात पुरुष वाढायला पुढे असतात, चुलीपाशी आणि भांड्यांपाशी बायाच असतात. ते वाटून घ्या. वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात मुलाची नोकरी विचारता, तसे त्याला कोणकोणती घरकामे येतात हेही विचारा. बाळाच्या आहाराची, लसीकरणाची माहिती देण्यासाठी नुसती मातांची बैठक बोलावू नका, बापांनाही बोलवा.

यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही.

या वर्षीच्या रमाई जयंतीला नवऱ्याने भाषण केले नाही. बायकोला सुट्टी होती, ती बोलली. नवरा मुलीला घेऊन मागे बसला होता. खीर वाटताना तेच काका भेटले. तोच प्रश्न. या वेळी नवरा म्हणाला, “पोरगी सांभाळतो काका. घर सांभाळतो. बायको नर्स आहे.”

काका थोडे थांबले. “बरं. मग नोकरी केव्हा पाहतो?”

“पोरगी शाळेत रुळली की.”

शेजारी महिला मंडळातल्या त्याच मावशी होत्या. हसून म्हणाल्या, “आम्हाले तर पोरं मोठी झाल्यावरबी कोणी हे नाही विचारलं बाप्पा.”

काका काही बोलले नाहीत. मावशींच्या हातातली पळी त्यांनी आपल्या हातात घेतली आणि पुढच्या माणसाला खीर वाढली.

जय भीम. नमो बुद्धाय.